सहाव्या मजल्याची बोहनी

मी टोपली बोलतेय. इकडेतिकडे नका बघू, जरा मान वर करा. बेरूतच्या या चढाच्या गल्लीतली पिवळी इमारत दिसतेय ना, तिच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीला लोंबकळणारी, एका अंगाने चेपलेली, ती मी. गल्लीत अशा दोऱ्या घरोघरी आहेत, पण त्यांना बांधलेल्या बहुतेक प्लास्टिकच्या बादल्या. त्यांना मी आमच्यात धरत नाही.

मी मूळची दुसऱ्या मजल्याची नव्हे, सहाव्याची. तिथून इथे कशी आले, तेच सांगायचंय.

माझा जन्म उत्तरेकडच्या डोंगरातला. ऑलिव्हच्या बुंध्याशी फुटणारे कोवळे फोक भिजवून एका म्हाताऱ्याने मला विणलं. विणता विणता तो शेजाऱ्याशी भांडत होता, त्यामुळे माझी डावी बाजू घट्ट आणि उजवी सैल आहे. मला अंजिरांसाठी विणलं होतं, पण बाजारात अबू रमीजने मला उचललं आणि शहरात आणलं. अबू रमीज म्हणजे रमीजचा बाप. बायको अर्थातच उम्म रमीज. आमच्याकडे मुलगा झाला की आईबापांना त्याच्याच नावाने हाक मारतात. मुलगा मोठा होतो, कॅनडाला जातो, नाव तेवढं आईबापांकडे ठेवून जातो. या घरातही तेच झालं.

अबू रमीजला जिना चढायचा कंटाळा. इमारतीत लिफ्ट होती, तरी सिगारेट आणि वर्तमानपत्र तो माझ्यातूनच वर ओढून घ्यायचा. तो वारला आणि माझे दिवस फिरले. उम्म रमीजने मला स्वयंपाकघरात नेऊन माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. पुढे बटाटे. बटाट्यांना मोड आले, तरी नऊ वर्षांत कोणी मला उन्हात ठेवलं नाही. मी कुरकुर केली नाही असं नाही, पण टोपलीची कुरकुर ऐकणार कोण?

मग मागच्या उन्हाळ्यात वीज गेली. म्हणजे आमच्याकडे ती जातच असते, पण या वेळी गेली ती पाहुणीसारखी दिवसातून तासभर यायला लागली, तीही न कळवता. लिफ्ट बंद पडली. उम्म रमीज सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे, आणि जिन्याला एकशे आठ पायऱ्या. तिने बटाटे जमिनीवर ओतले, मला झटकलं, दोरी ओढून पाहिली आणि म्हणाली, “चल बाई, आता तूच माझे पाय.”

तेव्हापासून मला क्षणाची उसंत नाही. खाली जाताना माझ्यात नोटांचं पुडकं, वर येताना चार टोमॅटो. पूर्वी नोटा हलक्या असायच्या आणि भाजी जड. आता उलटं झालंय. मला काय, वजन ते वजन.

सहाव्यावरून वरखाली करताना मला सगळे मजले दिसायचे. पाचव्याला कुलूप, ते लोक दुबईला. चौथ्यावर टीव्ही बंद म्हणून घरधनी ऊद हे तंतुवाद्य वाजवायला शिकतोय. सात महिने एकच ओळ वाजवतोय आणि बायको सात महिने तीच ओळ गुणगुणतेय, हे दोघांच्याही लक्षात आलेलं नाही. तिसऱ्यावरच्या बाईने गॅलरीत पुदिना लावलाय आणि मी जवळून गेले की ती तो माझ्यापासून झाकून ठेवायची, मीच चोर असल्यासारखी. खरी चोर दुसऱ्या मजल्यावर होती. रुबा तिचं नाव, शाळेत शिकवते, एकटी राहते. मी वर जाताना ती हात लांब करून माझी दोरी थांबवायची आणि माझ्यातला एखादा ऑलिव्ह, काकडीचा शेंडा, काही ना काही उचलायची. बदल्यात काही टाकायचीही. कधी चार बदाम, कधी गार्डेनियाचं फूल, एकदा तर विद्यार्थ्याने लिहिलेला भयंकर निबंध. तो वाचून उम्म रमीज इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं.

पण माझं खरं काम सकाळचं. ते समजायला हवं असेल, तर अबू वज्दीला ओळखा. इमारतीच्या पायथ्याशी त्याचं किराणा दुकान आहे. जाडजूड माणूस, मिशी रंगवतो आणि रंगवत नाही असं शपथेवर सांगतो. लिफ्ट चालू होती तेव्हा पंधरा वर्षं रोज सकाळी उम्म रमीज लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी घेऊन खाली उतरायची. दुकानापुढे खुर्च्या टाकून गल्लीतल्या चारपाच बायका आणि अबू वज्दी कॉफी प्यायचे. पिऊन झाली की प्रत्येकाने आपला कप बशीवर उपडा घालायचा आणि मग उम्म रमीजने एकेक कप उचलून आत सुकलेल्या गाळात भविष्य बघायचं. बायका एकेक करून मुलांकडे परदेशी गेल्या. खुर्च्या कमी होत गेल्या. शेवटी लिफ्टच गेली, तेव्हा राहिले दोघं, एक सहाव्या मजल्यावर आणि एक तळाशी.

मग कॉफी माझ्यातून जाऊ लागली. उम्म रमीजला साखरेचा आजार, म्हणून आधी ती आपला कडू कप ओतून घ्यायची, मग उरलेल्या कॉफीत साखर घालून अबू वज्दीसाठी आणखी एक उकळी काढायची. त्याचा कप बशीने झाकून, फडक्यात गुंडाळून माझ्यात. सहा मजले खाली जाईपर्यंत मी एक थेंब सांडत नसे, हे जरा अभिमानाने सांगते. तो खाली पिणार, ती वर पिणार, आणि दोघांचं बोलणं मधल्या चार मजल्यांनी ऐकायचं. मग त्याचा कप उपडा होऊन वर यायचा, ती तो बघायची आणि खाली ओरडून सांगायची. मासा दिसतोय, म्हणजे धंदा होणार. पक्षी आहे, बातमी येणार. तो खालून म्हणायचा, “मागच्या आठवड्यातल्या माशाचं काय झालं? अजून पोहतोय वाटतं.”

कप बघून झाला की ती काहीतरी विकत घ्यायची, आणि ती अबू वज्दीची बोहनी. तिच्या हाताची बोहनी झाल्याशिवाय तो दुसऱ्या कोणाला काडेपेटीसुद्धा विकत नसे. एकदा तिला जाग आली नाही. खाली सात माणसं रोट्यांसाठी ताटकळत उभी, रोट्या समोर मांडलेल्या, आणि हा पोटावर हात बांधून वर बघत बसलेला. अखेर सगळ्यांनी मिळून सहाव्या मजल्याकडे तोंड करून हाका मारल्या. ती विस्कटलेल्या केसांनी बाहेर आली, एक कांदा मागितला आणि गल्ली जेवली.

ती घ्यायची ते असंच, एक कांदा किंवा एक लिंबू. एकदम किलोभर घेतलं तर उद्या काय मागणार? आणि मी तुम्हाला आणखी एक गुपित सांगते. अबू वज्दीचा कप धुण्याआधी ती इकडेतिकडे बघायची आणि त्यातला गोड गाळ बोटाने चाटायची. डॉक्टर नाही, मुलगा नाही, मी एकटी बघायचे. दिवसातली तेवढीच साखर. ती चाटताना तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

असं चाललं असताना फेब्रुवारीत रमीजचा फोन आला. त्याने तिकीट काढलं होतं. आई, आता तिथे राहण्यात काही अर्थ नाही, वीज नाही, औषध मिळत नाही, उद्या पडलीस तर तुला खाली कोण आणेल, असं तो बराच वेळ बोलत राहिला. सगळं खरंच होतं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. म्हणाली, “भाजी करपतेय.” भाजी वगैरे काही नव्हती.

तिने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. तिला जायचं होतं का? नातवाचे दात पडलेत आणि ते तिने फक्त फोनवर बघितलेत, त्यामुळे होतं. आणि नव्हतंही. रात्रंदिवस ती तेच घोळवत होती. दोरी सोडताना हात मध्येच थांबायचा आणि मी चौथ्या मजल्यासमोर लटकून ऊद ऐकत बसायचे.

अशाच एका सोमवारी सकाळी दोन्ही कप कठड्यावर शेजारी शेजारी उपडे होते, एक तिचा आणि एक माझ्यातून वर आलेला. एकाच संचातले, सारखेच. तिचं लक्ष रस्त्यावर होतं. तिने एक उचलला. एरवी ती कपात जेमतेम डोकवायची आणि मासा नाहीतर पक्षी सांगून मोकळी व्हायची. त्या दिवशी मात्र ती त्यात खरंच बघत राहिली. आणि मग काही विचार न करता, बघितलं तसं मोठ्याने बोलून गेली.

“दार आहे. बंद झालेलं. पुढे लांब रस्ता आहे आणि मागे वळून बघणारं कोणी नाही.”

खालून मग अबू वज्दी म्हणाला, “बरं.” एवढंच. तिने लिंबू मागितलं, त्याने टाकलं. टोमणा नाही, माशाची चौकशी नाही.

ती कप घेऊन आत आली, सवयीने बोट फिरवून चाटलं आणि तशीच उभी राहिली. कप कडू होता. तिचा होता.

आता माणसाने काय करावं? बाहेर यावं आणि सांगावं की चूक झाली. पण चाळीस वर्षांत तिचा एकही कप चुकला नव्हता, निदान तिच्या मते. आणि चूक सांगायची तर मग ते दार कोणाचं, हेही सांगावं लागणार, तेही सहाव्या मजल्यावरून, गल्लीभर. ती गप्प बसली. मला तिचा राग आला होता, हे लपवत नाही.

मंगळवारी अबू वज्दीने दुधाची गाडी परत पाठवली. बुधवारी चीज ठेवायचा फ्रीज कोणीतरी हातगाडीवर घालून घेऊन गेलं. गुरुवारी मी कॉफी घेऊन खाली गेले, तर दुकानाच्या दारावर पुठ्ठा लटकत होता. शनिवारपासून बंद, असं त्याच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलेलं. रुबाने काय झालं विचारलं, तर म्हणाला, बायको वर्षभर मागे लागलीच होती, विकायला तरी काय उरलंय, आणि आता तर कपातही आलं. रुबाला हसू आलं, पण तो हसत नव्हता.

मी वर गेल्यावर रुबाने खालून हाक मारून मावशीला, म्हणजे उम्म रमीजला, सगळं सांगितलं. उम्म रमीज आत गेली. बाहेर आली ती काळा कोट घालून. तिने कठड्यापाशी वाकून दोरीची गाठ सोडायला घेतली. नवऱ्याने मारलेली गाठ, सुटता सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. सोमवारपासून न धुता ठेवलेला तो कडू कप माझ्यात ठेवला, मला हातात अडकवलं आणि दार उघडलं.

मी जन्मात जिना बघितला नव्हता. मला वाटायचं, माणसं हवेतूनच खाली जात असतील. एकशे आठ पायऱ्या. दर मजल्यावर ती बसली. पाचव्यावर कुलपाशी बसून तिने गुडघ्यांना शिव्या दिल्या. चौथ्यावर ऊद थांबला आणि नवराबायको दोघंही बाहेर येऊन काय झालं विचारू लागली. काही नाही, फिरायला निघालेय, असं तिने सांगितलं. तिसऱ्यावरच्या बाईने न मागता पुदिन्याच्या चार काड्या माझ्यात टाकल्या, हे मी कधीच विसरणार नाही. दुसऱ्यापासून रुबाने तिचा हात धरला.

अबू वज्दी रिकाम्या फळ्या पुसत होता. तिला दारात बघून त्याने फडकं खाली ठेवलं, खुर्ची पुढे केली आणि ती धापा टाकत बसली. तिने माझ्यातून कप काढून त्याच्यापुढे ठेवला.

“हा तुमचा नव्हता,” ती म्हणाली. “माझा होता. साखर नाही त्यात. चाटून बघा हवं तर.”

त्याने खरंच चाटलं. मग बराच वेळ कप हातात फिरवत राहिला.

“म्हणजे दार तुमचं.”

“रमीजने तिकीट पाठवलंय. पुढच्या महिन्याचं.”

रुबा म्हणाली, मावशी, हे तू आम्हाला आज सांगतेस?

“पण तुम्ही एवढे कसे भुललात?” उम्म रमीजने विचारलं. “पंधरा वर्षं माझी टिंगल करता आणि एका कपापायी दुकान विकायला काढता?”

“पंधरा वर्षांत तुम्ही मला एकदाही वाईट सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “म्हटलं, आता सांगितलंय म्हणजे दुसरा इलाज नसणार.”

एरवी कधी शब्दाला न हटणारी बाई, पण डोळे पुसायला तिने माझ्यातलं कॉफीचं फडकंच घेतलं. मग म्हणाली, की तुम्हीच सांगा, जाऊ का? तो उठला, दारावरचा पुठ्ठा काढला आणि दुमडून फळीमागे सरकवला.

“दुकान मी उघडं ठेवणार,” तो तिच्याकडे पाठ करून म्हणाला. “तुम्ही गेलात तरी. तेवढ्यासाठी थांबू नका, आणि मला निमित्तही करू नका.”

मला वाटलं, आता ती रडणार. तर ती चिडली. “म्हणजे माझ्या बोहनीवाचून तुमचं काही अडत नाही तर. आणि ती सात माणसं उपाशी ठेवलीत ती कशाला?” मग दोघं असे भांडले की गल्ली सुखावली. चारच्या सुमाराला वीज आली. रुबा ओरडली, मावशी, लिफ्ट. उम्म रमीज म्हणाली, थांब, ह्यांना एक शेवटचं सांगू दे. ते शेवटचं सांगून होईपर्यंत वीज गेली. मग ती पुन्हा येईपर्यंत आम्ही दुकानात बसलो, पुदिन्याचा चहा प्यालो, आणि सबंध वर्षात मी तिला इतकी खूश बघितली नव्हती.

ती गेली. पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी, तोच काळा कोट घालून, रुबाच्या आणि ऊदवाल्याच्या खांद्यांवर हात टाकून. ती टॅक्सीत बसताना अबू वज्दीने तिला झाअतरची, म्हणजे इथल्या रानओव्याच्या मसाल्याची, पुडी दिली आणि ती म्हणाली, विमानात नेऊ देत नाहीत असलं काही, आणि कोटाच्या आत खोचली. मला तिने आधीच रुबाच्या हाती दिलं होतं. माझी दोरी कापताना ती म्हणाली, अर्धीच पुरेल आता. मला ते लागलं. पण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुबाने मला पहिल्यांदा खाली सोडलं. दोन मजले म्हणजे काय, श्वास घ्यायच्या आत पोचले. अबू वज्दी दुकानाबाहेर मान वर करून सहाव्या मजल्याकडे बघत उभा होता. मी त्याच्या खांद्यावर टेकले, तेव्हा दचकला. माझ्यात कॉफी होती. रुबाची कॉफी म्हणजे निव्वळ अन्याय, करपलेली आणि साखर दुप्पट. त्याने एकही शब्द न काढता सगळी प्याली, कप बशीवर उपडा घातला आणि माझ्यात ठेवून दोरी हलवली.

रुबाने कप उचलला. इकडून बघितला, तिकडून बघितला, उजेडाकडे धरला. मग कठड्यावरून खाली वाकली.

“काका, मला काही येत नाही हो यातलं. नुसता चिखल दिसतोय.”

“मग काहीतरी चांगलं बनवून सांग,” अबू वज्दी म्हणाला. “त्या पंधरा वर्षं तेच करायच्या.”

रुबाने पुन्हा कपात डोकावून बघितलं. नंतर म्हणाली, “जहाज आहे. मोठं. इकडेच येतंय.”

“जहाज तर त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि खाली वाकून त्याने शटर पूर्ण वर केलं. मग विचारलं, बोहनीला काय हवंय. रुबाने एकदम किलोभर कांदे मागितले. शिकेल हळूहळू.

तेव्हापासून माझं हेच चाललंय. दोरी आखूड झाली, वीण आणखी सैल झाली, एक फोक तुटून बाहेर आलाय आणि तो रोज कोणाच्या तरी बाहीला अडकतो. तुम्ही या गल्लीतून जाल, तर सकाळी नऊच्या आधी अबू वज्दीकडे काही मागू नका, मिळणार नाही. रुबा उशिरा उठते. थोडं थांबा, मान वर करा आणि तिला हाक मारा. तिला बरं वाटतं.

बरं, येते. वरून दोरीला हिसका बसलाय.